दोघांचा पास

जळगावात पाहण्यासारखं काय आहे, असं जळगावच्या माणसाला विचारलं तर तो आधी सराफ बाजार म्हणतो, मग वांग्याचं भरीत म्हणतो, आणि मग रुमालाने कपाळ पुसत गप्प बसतो. मगनशेठ गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने कुणाची तरी जुनी मेटाडोर घेतली, तिला पिवळा रंग फासला आणि बसस्टँडबाहेर कडुनिंबाखाली पत्र्याचा बोर्ड टांगला : ‘एका पासात संपूर्ण जळगाव दर्शन’. खाली यादी. ओंकारेश्वर, जुन्या जळगावातलं राममंदिर, सराफ बाजार, मेहरूण तलाव, आणि शेवटी सगळ्यात मोठ्या अक्षरांत पद्मालय. पद्मालय जळगावात नाही, ते तिकडे एरंडोलच्या बाजूला. पण बोर्डावर काय, हिमालयही मावतो.

त्या बोर्डासमोर उखर्डूनाना आणि त्यांची बायको भिकुबाई बराच वेळ उभी होती. नाना धुळ्याच्या मार्केट यार्डात मापाडी. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने ह्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव ठेवलं, की यमाला वाटावं, असला माल काय न्यायचा. यमाला तसं वाटलं खरं. नानांना मात्र स्वतःबद्दल तसं कधीच वाटलं नाही. जन्मभर दुसऱ्याचा माल तोलून तोलून त्यांना सगळ्याच गोष्टींना काटा लावायची खोड लागली होती, आणि चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, ही त्यांची ख्याती यार्डात हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती.

आदल्या दिवशी पिंप्राळ्यात नात्यातलं लग्न झालं. धुळ्याची गाडी संध्याकाळी धरायची होती. मधला अख्खा दिवस रिकामा.

“नुसता देव दखाडाना येवढा पैसा?” नाना म्हणाले. “रिक्षा करी तर?”

“रिक्षा करा ना, नाना,” मगनशेठ म्हणाला. “रिक्षावाला ओंकारेश्वराला नेईल, तिथे थांबायचे वेगळे मागेल. राममंदिराच्या गल्लीत शिरणार नाही. आणि पद्मालयाचं नाव काढलंत तर तुमच्याकडे असा पाहील, की तुम्ही त्याची रिक्षाच मागितली. पास म्हणजे डोक्याला ताप नाही. उतरा, पाहा, चढा.”

“आन् एखादं ठिकान देखं नही तर? तेवढं परत?”

“परत काही नाही. पाहिलं तर तुमचं, नाही पाहिलं तर आमचं.”

नानांनी पुन्हा यादी वाचली, ह्या वेळी मोठ्याने, बोटाने एकेक ठिकाण दाबत. भिकुबाईला वाचता येत नव्हतं. ‘मेहरूण’ हा शब्द कानावर पडला आणि तिने पदर तोंडाशी नेला. मेहरूणात तिची लेक लता दिली होती.

भिकुबाईला जळगाव पाहायचं नव्हतं. देव तर धुळ्यातही पोटभर होते. तिला लता पाहायची होती. दोन वर्षं पोटच्या पोरीचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, आणि काल लग्नात सुंदरबाई नावाची एक लांबची नातलग हळदीची वाटी हातात घेऊन सहज बोलून गेली होती, “लता फार वाळनी वं. मी वळखंच नही पयले.” तेवढं बोलून ती बाई वरमाईच्या लुगड्याबद्दल बोलू लागली. भिकुबाईला त्यानंतरचं लग्न दिसलंच नाही.

आता कुणी म्हणेल, मेहरूण जळगावातच, लेक मेहरूणात, मग रिक्षात बसावं आणि जावं. पण खानदेशात लेकीच्या घरी असं उठून जाता येत नाही, आणि नानांना तर मुळीच नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा इकडे लेकीबाळींचा सण. दिवाळी एक वेळ चुकेल, पण आखाजीला सासुरवाशीण माहेरी येणार, निंबाच्या झोक्यावर बसणार, आणि तिला न्यायला माहेरचा मुऱ्हाळी जाणार, ही रीत. लताला भाऊ नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी नाना स्वतः मुऱ्हाळी होऊन मेहरूणात गेले. विहीणबाईंनी, म्हणजे भागाबाईंनी, त्यांना ओट्यावर दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि मग आतूनच सांगितलं, की घरात पापड-कुरडयांचं काम पडलंय, यंदा पाठवता यायचं नाही. नाना टोपी झटकून उठले. विहिणीने स्वतःहून निरोप धाडल्याशिवाय तो उंबरा चढणार नाही, असं त्यांनी त्या ओट्यावरच ठरवलं. पुढच्या आखाजीला त्यांनी मुऱ्हाळी धाडलाच नाही. सुंभ जळेल, पण पीळ? आणि ही तिसरी आखाजी चार दिवसांवर आली होती.

“पद्मालयना गनपतीले मना नवस ऱ्हायेल शे,” भिकुबाई म्हणाली. साफ खोटं. पण नवऱ्यापुढे खरं बोलून तिला जन्मात काही मिळालं नव्हतं.

“कव्हयना नवस?”

“शे जुना.”

नाना विचारात पडले. नवस फेडायचा तर पद्मालयाला कधीतरी जावंच लागणार, तेव्हाचं धुळ्याहूनचं भाडं वेगळं. काट्याचा दांडा हळूहळू पासाकडे झुकला. त्यांनी कनवटीची पिशवी काढली, थुंकी लावून नोटा दोनदा मोजल्या आणि दोघांचा मिळून एक गुलाबी पास घेतला.

“पन ध्यानमा ठेव,” ते म्हणाले. “एक बी ठिकान सोडानं नही. पाय दुखोत का डोकं.”

ओंकारेश्वराच्या पायरीवरून उतरताना नाना मोठ्याने म्हणाले, “लाभ!” मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. पुढच्या बाकावर बसलेल्या पारोळ्याच्या जोडप्याला ह्याचं मोठं नवल वाटलं, आणि नानांना त्या नवलाने आणखी चढलं. राममंदिरात रामाला हात जोडता जोडता “दोन!” सराफ बाजारात तर घ्यायचं काहीच नव्हतं, पण नाना दुकानादुकानाच्या काचेला नाक लावून उभे राहिले आणि प्रत्येक दुकानदाराला आजचा भाव विचारला. “तीन!” ऊन असं होतं, की रस्त्यावरचं डांबर चपलांना धरून ठेवत होतं. भिकुबाई मुकाट्याने उतरत होती, मुकाट्याने चढत होती. मेटाडोरच्या हादऱ्यांनी तिचं अंग खिळखिळं झालं होतं, पण प्रत्येक हादऱ्यासरशी मेहरूण जवळ येत होतं.

मेहरूणचा तलाव उन्हाळ्याने आटून मधोमध गेला होता. काठाला चिखल भेगाळलेला. मगनशेठने अर्धा तास दिला. पाणी पाहून नानांचं समाधान झालं नाही, पण सावलीला बसून चार म्हणायला काही हरकत नव्हती. त्यांनी शेवेचा पुडा सोडला.

“मी बायास्नासंगे जरा आडोसाले जाई येस,” भिकुबाई म्हणाली, आणि बाया उजवीकडे गेल्या तशी ती डावीकडे वळली.

घर तिला ठाऊक होतं. लग्नात एकदाच आली होती, पण लेक जिथे देतो ते घर बाई विसरत नाही. गल्लीत शिरताना तिच्या पायांत बळ आलं. नुसतं पाहू, दारातूनच पाहू, बरी आहेस का एवढं विचारू, आणि माघारी फिरू. याहून जास्त तिने देवाकडेही मागितलं नव्हतं.

लता ओट्यावर बसून गहू निवडत होती. सुंदरबाई खोटं बोलली नव्हती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, आणि गालफडं वर आली होती. तिने मान उचलली, आणि सूप तसंच सोडून उभी राहिली.

“माय! तू उनी?”

आतून भागाबाई आल्या. त्यांनी विहिणीला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. शेजारच्या दोन ओट्यांवरच्या बायकाही कामं टाकून पाहू लागल्या.

“या, याहीनबाई,” भागाबाई म्हणाल्या. “दोन वरीसमा वाट सापडनी म्हना. मांगली आखाजीले पोर तीन रोज ह्याच वट्टावर बशी ऱ्हायनी, गाठोडं मांडीवर लिसन. तुमना मुऱ्हाळी काही उना नही. लोके माले इचारेत, काय वं भागाबाई, तुनी सूनले माहेर शे का नही?”

हे भिकुबाईला ठाऊक नव्हतं. पोर गाठोडं घेऊन वाट पाहत बसली होती, आणि तिकडे धुळ्यात नाना ताठ मानेने पानाला चुना लावत होते.

आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की आपण काय करून बसलो. आखाजी चार दिवसांवर असताना माहेरचं माणूस दारात उभं राहिलं, की त्याचा अर्थ एकच. तोंडाने काही सांगावंच लागत नाही. लता केव्हाच आत गेली होती. ती लगेच बाहेर आली, अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं घाईघाईत गुंडाळलेलं, काखेत गाठोडं. गाठोडं आत्ता बांधलेलं नव्हतं. ते बांधलेलंच होतं.

“लई जा,” भागाबाई शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “मी काही आडवाव नही. आखाजी व्हयनी का पोचाडी द्या. नही पोचाडी तरी मी रडाव नही.”

भिकुबाईने तोंड उघडलं. मी न्यायला आले नाही, मी बसमधून उतरून चोरून आले, असं सांगायचं होतं. पण कुणाला सांगायचं? ह्या बाईला, शेजारणींसमोर? की लताला, जिचे डोळे दोन वर्षांत आज पहिल्यांदा हसले होते? आणि खरं सांगायचं, तर भिकुबाईच्या मनातही काहीतरी उसळून आलंच होतं. नवरा ओरडेल तर ओरडेल. पोर हाती लागली आहे. चल घेऊन.

गल्लीतून जाताना लता बोलत सुटली. झोका बांधला का, कोणत्या निंबाला बांधला, यंदा गौराई कुणाच्या घरी बसवली, म्हातारी शेळी आहे की गेली. “आन् नाना? नानास्ना राग गया?”

“नाना तठेच शेत. गाडीमा.”

गल्लीच्या तोंडाशी पिवळी मेटाडोर दिसली. खिडक्यांतून माणसं डोकावत होती. लता थबकली, आणि तिने आईचा हात घट्ट धरला.

“माले लेवाले गाडी करी, माय? नानास्नी?”

ह्या एका प्रश्नाने भिकुबाईचं अवसान गळालं ते गळालंच.

नाना दारापाशी उभे होते, बायको कुठे मेली म्हणून चिडलेले. लताला पाहिल्याबरोबर त्यांचा चेहरा उघडला. बापाचाच चेहरा तो, कितीही म्हटलं तरी. “लता!” म्हणून ते एक पाऊल पुढे आले. मग त्यांची नजर गाठोड्यावर गेली, मग बायकोवर. उंबऱ्याची शपथ, विहिणीचा निरोप, ओट्यावरची ती दुपार, सगळं त्यांच्या तोंडावर एकामागून एक येऊन बसलं, आणि चेहरा पुन्हा बंद झाला.

“ह्या कोण?” मगनशेठने विचारलं.

“पोर शे मनी.”

“मग पास काढा. नाहीतर बसता यायचं नाही. मागे स्टेपनीवर बसवून घेऊ, पण पास पूर्ण लागेल.”

“चार ठिकानं व्हई गयात,” नाना म्हणाले. “ऱ्हायनं एक. एकनाकरता पुरा पास? हाऊ कोनता न्याय?”

“पासाला अर्धा नसतो, नाना.”

नाना खरोखर मनात काटा लावू लागले. खरी गोष्ट बोलायची लाज वाटली, की माणूस हिशेब पुढे करतो. विहिणीने मला निरोप धाडला नाही, आणि माझ्या बायकोने तिच्या दारात जाऊन माझं नाक कापलं, हे त्यांना चारचौघांत म्हणता येईना. पासाबद्दल मात्र मोठ्याने बोलता येत होतं.

“नाना,” लता म्हणाली, “ऱ्हाऊ द्या ना पास. आपन तिन्ही जन इष्टीवर जाऊत.”

“आन् हाऊ?” नानांनी गुलाबी कागद वर धरला. “दोन मानसेस्ना पैसा भरेल शे. पद्मालय आजून बाकी शे. हाऊ काय फाडी टाकू?”

पारोळ्याचं जोडपं कान टवकारून ऐकत होतं. मगनशेठने ड्रायव्हरला खूण केली. इंजिन घरघरलं. मागून चढणाऱ्या बायकांनी भिकुबाईला वर लोटलं, आणि ती चढली. सकाळपासूनची तिची जागा खिडकीजवळची होती. ती जाऊन तिथे बसली.

खाली नाना पोरीला समजावत होते, आणि आता त्यांचा आवाज गोड झाला होता. “आशी रस्तावरतून पोर लई जातस का कोनी? लोके काय म्हनतीन? चार रोजमा पुतन्याले, चिंध्याले धाडस. नवं लुगडं, सांजोऱ्या, बठ्ठं लिसन. मानपान करीसन लई जाऊ तुले. जाय आते घर.”

लताने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने वर खिडकीकडे पाहिलं.

भिकुबाईने खिडकीच्या दांड्यातून हात बाहेर काढला. तो लताच्या डोक्यापर्यंत पोचला नाही. “जाय, माय,” ती म्हणाली. “चार रोजनी तर बात शे.”

गाडी हलली तशी धुराने ती दोन पावलं मागे सरली. नाना धपकन शेजारी बसले आणि गुलाबी पासाची घडी करून त्यांनी ती कनवटीला खोचली.

पद्मालयाला तळ्यावरून वारा येत होता. कमळाची पानं पाण्यावर पसरली होती, देवळात गारवा होता, आणि गाभाऱ्यात एक सोडून दोन गणपती. भिकुबाईने हात जोडले. नवस नव्हताच, तरी तिने नारळ फोडला. पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले तेव्हा जिवाला बरं वाटलं, आणि थोडा वेळ, अगदी थोडा, ती लताला विसरली. नानांनी पाच म्हटलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी नानांनी बोलल्याप्रमाणे पुतण्याला, चिंधाला, मेहरूणला धाडलं. लुगडं नवं होतं. सांजोऱ्या भिकुबाईने दोन दिवस खपून केल्या होत्या, आणि मानपान कमी पडू नये म्हणून विहिणीलाही चोळखण घेतला होता. नाना म्हणजे रीतीला पक्का माणूस. भिकुबाईने पोरीसाठी गादी उन्हात टाकली, अंगण दोनदा सारवलं, आणि संध्याकाळची गाडी आल्याचा आवाज ऐकून दारात येऊन उभी राहिली.

चिंधा एकटाच आला. डबा तसाच भरलेला.

“काकू,” तो म्हणाला, “भागाबाई म्हनतस, लता तर तुमनासंगेच गयी. त्या रोजले. तुम्हीच तर लई गयात म्हने. माले वरथीन इचारं, परत कव्हय धाडतस?”

आधी कुणाला काही उमगेना. उमगलं तेव्हा भिकुबाई उंबऱ्यात बसली ती उठेना. लता त्या दिवशी घरी परतलीच नव्हती. सगळ्या गल्लीदेखत गाठोडं घेऊन माहेरी निघालेली सून, मेटाडोरच्या धुरातून त्याच दारात कोणत्या तोंडाने परत जाणार? सासरचे समजत होते, माहेरी आहे. माहेरचे समजत होते, सासरी आहे. दोन्ही घरं पोटभर जेवत होती.

नाना खांबाला टेकून उभे राहिले. मग त्यांनी चिंधाला जवळ बोलावून हळूच सांगितलं, “गल्लीमा बोलू नको. कोनी इचारं तर सांग, सासूले बरं नही, म्हनीसन धाडी नही.”

भिकुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाची एवढी किळस तिला कधी आली नव्हती. बाहेर निंबाच्या झोक्यावर कुणाच्या तरी लेकी हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी, ऐन आखाजीला, पितरांचा घास तसाच टाकून ती एकटी एस्टीत बसली. जन्मात कधी ती एकटी गावाबाहेर गेली नव्हती. जळगावला उतरली आणि विचारत विचारत, मेहरूणची गल्ली टाळून, थेट तलावावर गेली. मनात काय होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. काठाकाठाने ती चिखल पाहत चालली. एक मुसलमान बाई धुण्याचं बोचकं घेऊन येत होती, तिने हटकलं.

“क्या ढूंढती, मावशी?”

“मनी पोर. लता. हिरवं लुगडं व्हतं आंगवर. गाठोडं व्हतं.”

त्या बाईने, हमीदा तिचं नाव, बोचकं खाली ठेवलं. “धुलियावाली? जिंदा है, मावशी, ऐसा मत देखो. उस दिन सांज तक इधरीच बैठी थी, पानी को देखती. मैं बोली, उठ बाई, पानी में क्या रखा है. मेरे घर सोती है. मेरे साथ दाल मिल में जाती. ससुराल जाती नहीं, और मायके का नाम लिया तो हसती है.”

मिलला सणाची सुट्टी नव्हती. फाटकाजवळच्या पत्र्याच्या सावलीत भिकुबाई बसून राहिली. जेवणाची घंटा झाली तेव्हा बाया बाहेर आल्या, डाळीच्या पिठूळ धुळीने भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या. त्यांतली लता कोणती, हे आईलाही लगेच ओळखता आलं नाही. लताने मात्र तिला लांबूनच पाहिलं होतं. ती सावकाश चालत आली आणि हातभर अंतरावर थांबली.

“चाल, माय,” भिकुबाई म्हणाली. “घर चाल. मी लेवाले उनी. एकलीच उनी. त्यास्ले इचारं बी नही.”

“आज आखाजी ना?” लता म्हणाली.

“हा. रातपावत पोची जासूत.”

लताने पदराने तोंड पुसलं. धूळ आणखीच पसरली. रडत नव्हती ती. रडली असती तर भिकुबाईला काय करायचं ते कळलं असतं.

“एक सांग, माय. नाना हिशेब करी ऱ्हायंतात, ते त्यास्नं. त्यास्ना सभावच तो. पन तू काबर उतरनी नही?”

ह्या प्रश्नाची उत्तरं भिकुबाईने रात्रभर जुळवली होती. गाडी सुटत होती. बायकांनी लोटलं. तुझ्या बापाने मला मारून टाकलं असतं. सगळी खरी होती, आणि एकही उपयोगाचं नव्हतं. हलायच्या आधी गाडी कितीतरी वेळ नुसतीच घरघरत उभी होती. दार उघडं होतं. आपण खिडकीच्या जागेवर बसलो होतो, वारा लागायला सुरुवात झाली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला देव दाखवायला नेत होतं. पोरीच्या डोळ्यांपुढे तिला खोटं बोलवेना.

“माले बी वाटनं वं, माय,” ती म्हणाली. “पास वाया जाई.”

लताने मान हलवली. रागावली नाही, काही नाही. आपण मनात धरून ठेवलेली गोष्ट बरोबर निघाल्यावर माणूस हलवतं तशी हलवली.

“मंग जाय आते,” ती म्हणाली. “इष्टी चुकी जाई तुनी.”

ती हमीदाजवळ जाऊन बसली. दोघींनी एका फडक्यात भाकरी सोडली. भिकुबाई तिथेच उभी राहिली, कुणीतरी एक तुकडा पुढे करील म्हणून. फाटकावरच्या माणसाने तिला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. पोत्यांनी भरलेली गाडी आत घ्यायची होती.